गळालेलं शून्य

दोन वर्षांपूर्वी एका नियतकालिकासाठी मी पृथ्वीच्या जन्मावरचा एक लेख मराठीत आणला. मूळ लेखात पृथ्वीचं वय साडेचार बिलियन वर्षं असं दिलं होतं. माझ्या मराठीत ते ४५ कोटी वर्षं झालं. व्हायला हवं होतं ४५० कोटी. एक शून्य गळालं.

ते मला दिसलं नाही. मुद्रितं तपासणाऱ्यांना दिसलं नाही, संपादकांनाही नाही. अंक निघाला, वाचला गेला, दोन-चार जणांनी लेख आवडल्याचं कळवलंसुद्धा. त्याच अंकात एका दिवंगत लेखकाचं जन्मवर्ष एका वर्षानं चुकलं होतं, त्यावर सात पत्रं आली. पृथ्वीच्या वयातली ४०५ कोटी वर्षं गेली, त्यावर एकही आलं नाही. परवा जुने अंक चाळताना ती ओळ समोर आली तेव्हा कानशिलं तापली. मग थोड्या वेळानं वेगळीच गोष्ट टोचायला लागली. ४५ कोटी वाचताना मी अडखळले नव्हते, आणि खरं सांगायचं तर ४५० कोटी वाचतानाही अडखळले नसते. दोन्ही आकडे माझ्यासाठी एकच होते: 'फार'.

भाषांतर करणाऱ्यांना ही चूक ओळखीची असेल. आपल्याकडे मिलियन नाही, दहा लाख आहेत. बिलियनला अब्ज आहे, पण अब्ज शाळेच्या पाढ्यांतून बाहेर फारसा आलाच नाही, म्हणून शंभर कोटी. दर वेळी दशांश चिन्ह एक-दोन घरं इकडं तिकडं सरकवावं लागतं आणि कधीतरी हात चुकतो. डायनासोर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. ते ६६ लाख वर्षांपूर्वी संपल्याचं मी वाचलं आहे आणि ६६ कोटी वर्षांपूर्वीही. दोन्ही लेखांतले डायनासोर सारखेच दिमाखदार होते.

तर मी स्वतःला एक प्रश्न घातला. समजा कुणी माझाच लेख पुढं करून म्हणालं, पृथ्वी ४५ कोटी वर्षांचीच आहे, छापून आलंय. त्याला मी काय सांगणार? 'तिथं आणखी एक शून्य असतं' एवढंच माझ्याजवळ होतं. ते शून्य कुठून आलं हे मला माहीत नव्हतं.

पहिल्यांदा मदतीला येते ती वर्षाची उपमा. पृथ्वीचं सगळं आयुष्य एका वर्षात बसवा, मग माणूस ३१ डिसेंबरच्या रात्री अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी येतो. ही उपमा इतकी वापरली गेली आहे की तिच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत. मी माझा चुकीचा आकडा घेऊन तीच आकडेमोड केली. ४५ कोटी वर्षांचंही एक वर्षच होतं. फरक इतकाच की माणूस रात्री साडेअकराऐवजी संध्याकाळी सहा-सव्वासहाला येतो. म्हणजे या उपमेला शून्याची फारशी फिकीर नाही. कुठलाही आकडा दिला तरी ती तो खिशात मावेल एवढा करून देते. मोठी गोष्ट समजण्यासाठी तिला लहान करणं हा उपाय मला तेव्हापासून पटेनासा झाला आहे.

मग उरतो दुसरा रस्ता. आकडा कसा मिळाला, ते बघायचं.

*

सुरुवातीला लोकांनी वयं मोजली ती ग्रंथांतून. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली बायबलमधल्या वंशावळी, राजांच्या कारकिर्दी आणि इतर प्राचीन नोंदी जुळवून सृष्टीचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मधल्या ऑक्टोबरात आणून ठेवला, तारखेसकट. त्यांची थट्टा करायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. अशर यांनी अनेक भाषांतली साधनं धुंडाळली, त्या काळात जो पुरावा सर्वात विश्वासाचा मानला जाई तो वापरला आणि बेरीज नीट केली. फक्त ज्या वस्तूचं वय काढायचं होतं तिला त्यांनी विचारलं नाही.

हाच आक्षेप मला दुसऱ्या बाजूलाही घ्यावासा वाटतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, आणि कल्प ४३२ कोटी वर्षांचा. पृथ्वीचं आजचं मान्य वय सुमारे ४५४ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'बघा' म्हणणारे निरोप मला अधूनमधून येतात. एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करायला न बिचकणाऱ्या मनाबद्दल मला आदर आहे. पण आकडा जवळपास येणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजलेल्या आकड्याला आपण किती चुकलो असू हेही सांगावं लागतं. गंमत म्हणजे मराठी भूविज्ञानानं हा शब्द मात्र झकास वापरून घेतला. जुरासिक कल्प, पुराजीव महाकल्प असे शब्द विश्वकोशात भेटतात तेव्हा ते परके वाटत नाहीत.

खडकालाच विचारायची सुरुवात केली ती निकोलस स्टेनो यांनी. शरीरशास्त्रज्ञ माणूस. १६६६ साली इटलीत पकडलेल्या एका प्रचंड शार्कचं डोकं त्यांच्याकडं चिरफाडीला आलं, तेव्हा त्याचे दात आणि डोंगरातल्या खडकांत सापडणारे 'जिभेसारखे दगड' एकच आहेत हे त्यांच्या ध्यानात आलं. डोंगरात शार्कचे दात असतील तर तो खडक कधीकाळी समुद्रतळाचा चिखल असणार. तीन वर्षांनी त्यांनी नियम मांडला: गाळ आडवा साचतो आणि खालचा थर वरच्याच्या आधीचा. इतका साधा नियम की तो कुणाला तरी शोधावा लागला याचंच नवल.

*

आता ज्या जागेपाशी मी अडकले ती. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सिकार पॉइंट नावाचं एक खडकाळ टोक आहे. मी तिथं गेलेले नाही. छायाचित्रं मात्र इतकी पाहिली आहेत की भरतीच्या पाण्यानं ओले झालेले दगड कोणते तेही आता सांगू शकेन.

१७८८ साली जेम्स हटन तिथं होडीनं गेले. बरोबर जॉन प्लेफेअर हे गणिताचे प्राध्यापक आणि जेम्स हॉल. हटन यांनी काही वर्षं शेती केली होती. पावसात रानातली माती ओघळून जाते, ओढ्यातून समुद्राला मिळते, हे त्यांनी बांधावर उभं राहून पाहिलं होतं. माती नुसतीच जात राहिली असती तर जमीन केव्हाच संपली असती, म्हणजे कुठंतरी नवी जमीन घडत असली पाहिजे, हा त्यांचा हिशेब. त्या हिशेबाचा पुरावा ते शोधत होते.

सिकार पॉइंटला खाली करड्या खडकाचे थर आहेत, जवळजवळ उभे, फळीवर ठेवलेल्या पुस्तकांसारखे. त्यांच्या कापलेल्या माथ्यांवर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलते पहुडलेले. बस, एवढंच दृश्य. पण आता स्टेनोंचा नियम लावून वाचायला घ्या. करडे थर आडवेच साचले असणार, समुद्राच्या तळाशी, कणाकणानं. मग त्यांचा दगड झाला. मग तो दगड दाबला जाऊन, घड्या पडून उभा झाला. मग पाण्याबाहेर उचलला गेला, त्याचा डोंगर झाला. मग तो डोंगर पावसानं आणि वाऱ्यानं झिजून सपाट झाला. मग त्या सपाटीवर वाळू येऊन पडू लागली, तिचे नवे थर, त्यांचा दगड. मग हे सगळं पुन्हा कललं, उचललं गेलं आणि समुद्रानं कापून काढलं, तेव्हा कुठं होडीतल्या तिघांना दिसलं. काळाच्या त्या दरीत इतकं खोल डोकावताना भोवळ आल्यासारखं झालं, अशा अर्थाचं प्लेफेअर यांनी पुढं लिहून ठेवलं आहे.

हटन यांच्याकडं वर्षांचा एकही आकडा नव्हता. आज आहे. खालचा करडा खडक सुमारे ४३ कोटी ५० लाख वर्षांपूर्वीचा, वरचा तांबडा सुमारे ३७ कोटी. मधला फरक साडेसहा कोटींचा. डायनासोर संपल्यापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला, जवळजवळ तेवढा. आणि त्या साडेसहा कोटी वर्षांचा दगड तिथं नाही. आहे ती एक रेघ. करडा रंग संपतो आणि तांबडा सुरू होतो ती जागा. त्या रेघेवर हाताचा पंजा ठेवला तर एक बोट डायनासोरांच्या मरणाइतक्या अंतरावर असलेल्या दोन काळांना एकाच वेळी शिवेल.

हे कळलं त्या दिवशी मला पहिल्यांदा 'फार' या शब्दाला काहीतरी आकार आल्यासारखं वाटलं. तोवर मी समजत होते की काळ थरांत असतो: जितका जाड थर, तितका जास्त काळ. खरं तर वाळूचा जाड थर एका पुरातही बसू शकतो, आणि दोन थरांमधल्या नुसत्या फटीत कोट्यवधी वर्षं गेलेली असतात. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनच्या तळाशी जे रूपांतरित खडक आहेत त्यांची नावं चक्क विष्णू, ब्रह्मा आणि राम अशी आहेत. ते सुमारे १७० कोटी वर्षांचे. काही ठिकाणी त्यांच्या थेट डोक्यावर सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा वालुकाश्म बसला आहे. मधल्या १२० कोटींची पुन्हा एक रेघ.

खडकांना पृथ्वीचं पुस्तक म्हणतात. माझा सगळा जन्म पुस्तकांच्या मजकुरात गेला, म्हणून सांगते, असं पुस्तक मी बांधणाऱ्याकडं परत पाठवलं असतं. बहुतेक पानं नाहीत, उरलेली उभी-आडवी शिवलेली, आणि पृष्ठांक तर कुठंच नाहीत.

*

पृष्ठांक नसताना पानं लावायची कशी, हे कोडं सोडवलं कालव्यांची पाहणी करणाऱ्या विल्यम स्मिथ यांनी. कालव्यासाठी जमीन खोदली जाई तेव्हा त्यांना दिसलं की प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म असतात आणि त्यांचा क्रम बदलत नाही. दगड सारखा दिसला तरी आतले शिंपले वेगळे असतील तर थर वेगळा. १८१५ साली त्यांनी इंग्लंड आणि वेल्सचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला आणि चार वर्षांनी कर्जापायी तुरुंगात गेले.

त्या क्रमाला मग गावाशिवारांची नावं चिकटली. डेव्हन परगण्यावरून डेव्होनियन, रशियातल्या पर्मवरून पर्मियन, जुरा पर्वतावरून जुरासिक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जवळपास सगळं कोष्टक तयार होतं, आणि त्यात वर्षांचा एकही आकडा नव्हता. थोरला कोण, मधला कोण, धाकटा कोण हे पक्कं. जन्मतारीख कुणाचीच ठाऊक नाही.

आकडा आणायचा प्रयत्न केला भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन यांनी. खाणीत खोल जावं तसं गरम होत जातं. म्हणजे पृथ्वी आतून बाहेर उष्णता टाकते आहे, निवते आहे. वितळलेल्या गोळ्यापासून सुरुवात करून आजच्या तापमानापर्यंत यायला किती काळ लागेल हे गणितानं काढता येतं. १८६२ साली त्यांचं उत्तर होतं २ ते ४० कोटी वर्षं. पुढं ते आकडा खाली खाली आणत गेले आणि १८९७ साली २ ते ४ कोटींवर येऊन थांबले. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत इंग्लंडमधली एक दरी झिजायला ३० कोटी वर्षं लागली असतील असा अंदाज दिला होता. टीका झाली तेव्हा तो काढून टाकला. उत्क्रांतीला अपुरा पडणारा केल्व्हिन यांचा तोकडा काळ त्यांना अखेरपर्यंत छळत राहिला.

माझ्या ४५ कोटींना इथं एक प्रतिष्ठित शेजारी भेटला, केल्व्हिन यांच्या पहिल्या अंदाजाचं वरचं टोक. या शेजाराचा मला किंचित आनंद झाला हे कबूल करते. पण केल्व्हिन चुकले ते शून्य गाळून नव्हे.

ते का चुकले याची एक सोपी गोष्ट सांगितली जाते: किरणोत्सर्ग तेव्हा माहीत नव्हता, त्याची उष्णता त्यांनी हिशेबात धरली नाही. ती उष्णता धरली तरी उत्तर फारसं बदलत नाही. खरी गोम जॉन पेरी यांनी १८९५ सालीच दाखवली होती. पेरी एकेकाळी केल्व्हिन यांचेच सहायक. ते म्हणाले, पृथ्वीचं अंतरंग सबंध घट्ट गोळ्यासारखं निवतं हे आपण धरून चाललो आहोत. आतला भाग हळूहळू जरी वाहत असेल तरी खालची उष्णता वर येत राहील, आणि पृष्ठभागाजवळची तापमानाची चढण कित्येक पट जास्त काळ टिकेल. वय शेकडो कोटींवर जाऊ शकतं. गुरूंचं गणित बिनचूक होतं, गृहीतक चुकलं होतं. पेरींचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. अंतरंग वाहतं हे जगाला पटायला आणखी सहा-सात दशकं जायची होती.

*

किरणोत्सर्गानं दिलं ते घड्याळ. युरेनियमचा अणू स्वतःहून फुटत फुटत शेवटी शिशाचा होतो. कोणता अणू कधी फुटेल हे कुणालाही सांगता येत नाही, पण मोठ्या जमावातले निम्मे किती काळात फुटतील हे अतिशय नेमकं सांगता येतं. युरेनियम-२३८ ला त्यासाठी ४४७ कोटी वर्षं लागतात, युरेनियम-२३५ ला सुमारे ७० कोटी. खडक तापला, दबला, पाण्यात बुडाला, तरी या गतीवर परिणाम होत नाही. १९०७ साली बर्ट्रम बोल्टवुड यांनी खनिजांतलं युरेनियम आणि शिसं मोजून ४१ कोटींपासून २२० कोटींपर्यंत वयं काढली. चार वर्षांनी आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या मुलानं नॉर्वेतल्या डेव्होनियन खडकाला ३७ कोटी वर्षं दिली. बिनतारखेच्या कोष्टकात तारखा पडायला लागल्या.

इथं सर्वात जास्त राबतं ते झिर्कॉन नावाचं खनिज. शिलारस निवताना त्याचे बारीक स्फटिक होतात. त्यांच्या रचनेत युरेनियमला जागा सापडते, शिशाला सापडत नाही. म्हणजे जन्मताना झिर्कॉनच्या घरात शिसं जवळपास नसतंच. पुढं जे सापडतं ते घरातच जन्मलेलं. शिवाय युरेनियमच्या दोन प्रकारांमुळं एकाच कणात दोन घड्याळं चालतात, वेगवेगळ्या गतीनं. दोन्हींनी एकच वय सांगितलं तर विश्वास ठेवायचा. नाही सांगितलं तर मधल्या काळात थोडं शिसं निसटलं असं समजायचं, आणि किती निसटलं याचाही माग काढता येतो. मला यातली उलटतपासणी फार आवडली. एकाच घरातले दोन साक्षीदार, एकमेकांशी न बोललेले.

लोकांच्या मनात, माझ्याही होतं, की सगळी वयं कार्बननं काढतात. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पन्नासेक हजार वर्षांपलीकडं त्यात मोजण्यासारखं काही उरत नाही. डायनासोराच्या हाडाला कार्बन लावणं म्हणजे सेकंदकाट्यावर शतकं मोजणं. हाडाचं वय बहुतेकदा थेट काढतही नाहीत. ज्या थरात ते आहे त्याच्या खालची आणि वरची ज्वालामुखीची राख शोधतात, राखेतले झिर्कॉन वेचतात आणि हाडाला दोन तारखांच्या कात्रीत पकडतात. चीनमधल्या मैशान इथं राखेचे असे थर आहेत. त्यांच्यावरून २५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवसृष्टीचा महाविनाश साधारण ६० हजार वर्षांत आटोपला असं निघालं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये झिर्कॉन जवळपास नसतात, म्हणून लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधल्या लाल मातीच्या थरांत ते शोधले गेले, कारण तिथं राख येऊन पडली होती. पुन्हा तीच गोष्ट, तारीख सापडली ती फटीत.

*

पण पृथ्वीचं वय कुठल्याच खडकात नाही. पृथ्वीनं आपला पहिला खडक जपून ठेवलेला नाही. सगळं वितळवून, गाडून, पुन्हा घडवून टाकलं आहे. मग भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन अशनींकडं, म्हणजे आकाशातून पडलेल्या तुकड्यांकडं, वळले. सूर्यमाला घडताना जे उरलंसुरलं राहिलं ते अशनींत जवळपास तसंच टिकलं. अॅरिझोनातल्या कॅन्यन डायाब्लो या लोखंडी अशनीत एक खनिज आहे, त्यात युरेनियम जवळजवळ नाही. म्हणजे त्यातलं शिसं आरंभापासूनचं, न वाढलेलं. ते माहीत झालं की दुसऱ्या अशनींत शिसं किती वाढलं ते कळतं, आणि किती वर्षांत वाढलं तेही.

गणित तयार होतं. शिसं मात्र हाताला लागेना, कारण ते सगळीकडंच होतं. १९४८ पासून पॅटरसन मोजत होते आणि प्रत्येक नमुन्यात असायला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसं निघत होतं. काचेच्या भांड्यांतून, रसायनांतून, धुळीतून, माणसाच्या केसांतून. त्यांनी आम्लं स्वतः पुन्हा पुन्हा शुद्ध केली, प्रयोगशाळेत येणारी हवा गाळली, फरशी आणि टेबलं पुसत बसले. काही वर्षं हेच चाललं. १९५३ साली माप मिळालं आणि १९५६ साली ते प्रसिद्ध झालं: ४५५ कोटी वर्षं, ७ कोटी इकडं किंवा तिकडं.

त्यानंतर पॅटरसन यांना प्रश्न पडला तो शिशाचाच. हे एवढं आलं कुठून? उत्तर होतं मोटारींच्या पेट्रोलात. त्यांनी समुद्राचं पाणी तपासलं, ध्रुवीय बर्फाचे थर तपासले, आणि मग उरलेली बरीच वर्षं पेट्रोलातलं शिसं काढायला लावण्यासाठी बलाढ्य कंपन्यांशी भांडण्यात घालवली. मोटारींच्या पेट्रोलातलं शिसं जगातल्या शेवटच्या देशानं बंद केलं ते २०२१ साली. पृथ्वीचं वय काढायला निघालेल्या माणसाला आपल्या पिढीच्या फुप्फुसातली घाण सापडली, कारण त्याला आकड्यात चूक सहन होत नव्हती. मी माझ्या भाषांतराचा विचार केला आणि पान उलटलं.

'७ कोटी इकडं किंवा तिकडं' याकडं जरा थांबून बघा. नुसती चुकीची शक्यताच डायनासोरांच्या मरणापासून आजपर्यंतच्या काळाएवढी आहे. आणि तरी त्या आकड्याजवळ ४५ कोटी फिरकूसुद्धा शकत नाहीत. पुढची सगळी मोजमापं त्याच वर्तुळात पडली. आज ४५४ कोटी मानतात, आणि अशनींतल्या सर्वात जुन्या कणांचं वय ४५६ कोटी ७० लाख आहे. बिलियनच्या भाषेत ते ४.५६७ होतं: चार, पाच, सहा, सात. हा आकडा तरी मी आता चुकणार नाही.

*

अणूंवर ज्यांचा भरवसा नसेल त्यांच्यासाठी प्रवाळ आहे. प्रवाळाच्या अंगावर वाढीच्या बारीक रेषा असतात, दिवसाला एक, आणि वर्षाला एक ठळक पट्टा. १९६३ साली जॉन वेल्स यांनी डेव्होनियन प्रवाळांच्या जीवाश्मांवर या रेषा मोजल्या. एका वर्षात सुमारे ४०० निघाल्या. वर्षाची लांबी तेवढीच धरली तर दिवस जेमतेम बावीस तासांचा. भरती-ओहोटीच्या घर्षणानं पृथ्वीचं फिरणं मंदावत जातं आणि त्या बदल्यात चंद्र दूर सरकतो. चंद्रावर अंतराळवीरांनी ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून ते सरकणं मोजलं आहे, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. पृथ्वी मंदावण्याचा खगोलशास्त्राचा हिशेब मागं नेला की डेव्होनियन वर्षात ४०० च्या आसपासच दिवस येतात. युरेनियमनं दिलेल्या तारखेला एका मेलेल्या प्रवाळानं दुजोरा दिला, तोही दिवस मोजून.

बर्फाचे थर, तळ्यातला गाळ, झाडांची वलयं ही जवळच्या काळाची घड्याळं. अंटार्क्टिकातला एक बर्फस्तंभ ८ लाख वर्षं मागं जातो. ती सगळी उपयोगाची आहेत, पण माझ्या भांडणात ती साक्षीला येत नाहीत. ४५ आणि ४५० या दोन्हींपुढं ती धाकटीच.

आता काळाच्या सीमा ठरवण्याचंही रीतसर काम चालतं. जगातली एक विशिष्ट कडा, तिच्यातला एक विशिष्ट थर निवडतात आणि म्हणतात, इथून अमुक कल्प सुरू. दक्षिण ऑस्ट्रेलियात तर खडकात ब्राँझची चकतीच बसवली आहे. सध्याच्या, म्हणजे आपल्या, काळाची खूण मेघालयातल्या एका गुहेतल्या चुनखडीच्या लवणस्तंभात आहे, म्हणून गेल्या ४,२०० वर्षांचं अधिकृत नाव मेघालयन. २०२४ साली 'मानवयुग' सुरू झालं असं जाहीर करायचा प्रस्ताव समितीत मतदानाला आला आणि पडला. काळाच्या सीमेवर मतदान होतं हे वाचून मला आधी हसू आलं. मग वाटलं, सीमा आखणं हे माणसाचंच काम, त्याला दुसरी पद्धत तरी कुठली असणार.

*

शेवटी मी बघायला बसले की माझ्या शून्यानं नेमकं काय खाल्लं.

४५ कोटी वर्षांपूर्वी ऑर्डोव्हिशियन कल्प चालू होता. समुद्रात ट्रायलोबाइट नावाचे कवचधारी जीव हिंडत होते, शिंपले होते, जबडा नसलेले मासे होते. माझ्या लेखातली पृथ्वी अशी भरल्या समुद्रासकट एकदम अवतरली असती. त्याआधीचं सगळं गेलं. ३४८ कोटी वर्षांपूर्वीचे, सूक्ष्मजीवांनी चिखलात रचलेले घुमट गेले. समुद्रात विरघळलेलं लोह गंजून तळाशी बसलं आणि हवेत प्राणवायू साचू लागला तो २४० कोटींच्या आसपासचा काळ गेला. ग्रँड कॅन्यनचे विष्णू, ब्रह्मा आणि राम तिघंही गेले.

आणि हे खाणारी मी पहिली नव्हते. एकोणिसाव्या शतकातल्या त्या सुंदर कोष्टकात कँब्रियन या तळाच्या कल्पाच्या आधीचं सगळं एका शब्दात गुंडाळलं होतं, प्रीकँब्रियन, 'कँब्रियनच्या पूर्वीचं'. तिथं ओळखू येतील असे जीवाश्म नव्हते, म्हणून नाव द्यायलाही काही नव्हतं. पुढं कळलं की पृथ्वीच्या आयुष्याचा ८८ टक्के भाग त्या एका शब्दात होता. आजही तिथल्या बऱ्याच सीमा चकत्यांनी नाही, सरळ गोल आकड्यांनी ठरवल्या आहेत. त्यातला आर्कियन हा विभाग संपतो तो बरोबर २५० कोटींवर, कारण कुठंतरी संपवायला हवा. शून्याशेवटी शून्यच.

त्या काळातली, पृथ्वीवरच घडलेली सर्वात जुनी ज्ञात वस्तू पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडली, एक झिर्कॉन. ज्या खडकात तो जन्मला तो खडक केव्हाच झिजून गेला, हा कण वाळूबरोबर वाहत येऊन दुसऱ्या खडकात अडकला. २००१ साली त्याचं वय जाहीर झालं, ४४० कोटी वर्षं. त्यातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून तेव्हाही पृथ्वीवर पाणी असावं असं अभ्यासकांना वाटतं. तो कण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान आहे.

मी तो जुना अंक पुन्हा काढला. ४५ नंतर पेन्सिलीनं शून्य काढलं, बाकीच्या अक्षरांच्या मापाचं, आणि पट्टी लावून मोजलं. दीड मिलिमीटर भरलं. आत तसे तीन-चार कण आरामात मावले असते.